लोड सेल आणि पीएलसी यांची जोडणी : मिलीव्होल्टपासून किलोग्रॅमपर्यंतचा प्रवास

सारांश

कारखान्यातील हॉपर, टाकी किंवा भुईकाटा यांचे वजन आज बहुतेक ठिकाणी लोड सेलने मोजले जाते आणि त्या वजनावरून पुढील निर्णय पीएलसी घेतो. लोड सेलमधून येणारा विद्युत संकेत अवघ्या काही मिलीव्होल्टचा असतो, तर पीएलसीचे नेहमीचे अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड दहा व्होल्ट किंवा वीस मिलिअँपिअरच्या हिशेबाने बनविलेले असते. ही दरी कोणकोणत्या मार्गांनी भरता येते, प्रत्येक मार्गात चूक कोठे शिरते आणि पडद्यावर दिसणारा आकडा खरा आहे हे कसे पडताळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका हॉपरच्या उदाहरणाने केला आहे.

बीजसंज्ञा : लोड सेल, स्ट्रेन गेज, पीएलसी, वेट ट्रान्समीटर, कॅलिब्रेशन, मॉडबस.

१. प्रस्तावना

बेळगाव परिसरातील साखर कारखान्याच्या दारात उसाने भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर उभा राहतो. खिडकीतील यंत्रावर एक आकडा उमटतो आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा हिशेब त्या आकड्यावर ठरतो. वेर्णा येथील औषधनिर्मिती असो, पिथमपूर किंवा मकरपुरा येथील कारखाने असोत, उद्यमबागेतील फाउंड्री असो किंवा बांधकामासाठी काँक्रीट बनविणारा प्लांट असो. सगळीकडे घटकद्रव्ये वजनावर मोजली जातात. पूर्वी तराजूची दांडी डोळ्यांना दिसे. ती कोणत्या बाजूला झुकली हे ग्राहकालाही कळे. आता दांडीची जागा पोलादाच्या एका ठोकळ्याने, काही तारांनी आणि संगणकीय नियंत्रकाने घेतली आहे. दिसतो तो केवळ अंतिम आकडा.

पॉलिटेक्निक आणि आयटीआयमधील विद्यार्थ्यांना लोड सेल व पीएलसी हे दोन्ही विषय शिकविले जातात, परंतु बहुधा वेगवेगळ्या तासांना. दोहोंना जोडताना काय होते हे मात्र तरुण तंत्रज्ञाला कारखान्यात गेल्यावर, चुका करीत शिकावे लागते. या लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, पीएलसीला वजन कळत नाही. त्याला फक्त एक संख्या मिळते. ती संख्या म्हणजे खरोखर वजन आहे की नाही, हे हॉपरच्या पायापासून पीएलसीच्या रजिस्टरपर्यंतच्या संपूर्ण साखळीवर अवलंबून असते. म्हणून ही साखळी कडी-कडीने समजून घेणे आवश्यक आहे.

२. लोड सेल म्हणजे काय?

धातूची तार ताणली असता तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉम्सन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६ मध्ये दाखवून दिले होते. परंतु या गुणधर्माचा मापनासाठी सोयीस्कर उपयोग होण्यास १९३८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे चिकटविता येणारा स्ट्रेन गेज तयार केला.

लोड सेलमध्ये विशिष्ट आकार दिलेल्या पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या ठोकळ्यावर असे चार गेज चिकटविलेले असतात. भार पडला की ठोकळा अतिशय थोडा वाकतो. त्यामुळे दोन गेज ताणले जातात व दोन दाबले जातात. हे चार गेज व्हीटस्टन ब्रिजच्या चार भुजांत जोडलेले असतात. (या मंडलाची कल्पना सॅम्युएल ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रसिद्धीस आणली.) भार नसताना ब्रिज संतुलित असतो, भार पडताच संतुलन बिघडते आणि दोन टोकांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते. तापमान वाढल्यास चारही गेजचा रोध जवळजवळ सारखाच वाढतो, त्यामुळे संतुलनावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. या रचनेचा हा मोठा लाभ होय.

हे व्होल्टेज किती सूक्ष्म असते याचा हिशेब सोपा आहे. धातूच्या गेजचा गेज फॅक्टर साधारण २ असतो. पूर्ण भाराला ठोकळ्यात दशलक्षात एक हजार भाग इतकी विकृती येते असे मानल्यास रोधातील बदल ०.२ टक्के होतो. म्हणजे ३५० ओहमच्या गेजमध्ये फक्त ०.७ ओहम. म्हणूनच लोड सेलच्या पट्टीवर "२ मिलीव्होल्ट प्रति व्होल्ट" असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ, ब्रिजला १० व्होल्ट पुरवठा दिला तर पूर्ण भाराला २० मिलीव्होल्ट मिळतील. पुरवठा बदलला की संकेतही त्याच प्रमाणात बदलेल, हे या एककातच सांगितलेले आहे.

३. उदाहरणाचा हॉपर

पुढील सर्व आकडेमोडीसाठी आपण एक हॉपर डोळ्यांसमोर ठेवू. पशुखाद्य बनविणाऱ्या कारखान्यातील हा हॉपर रिकामा असताना ३०० किलोग्रॅमचा आहे. त्यात एका वेळी १००० किलोग्रॅम माल घ्यावयाचा आहे. तो प्रत्येकी १००० किलोग्रॅम क्षमतेच्या, २ मिलीव्होल्ट प्रति व्होल्टच्या तीन लोड सेलवर उभा आहे. तिन्ही सेलच्या तारा एका जंक्शन बॉक्समध्ये समांतर जोडलेल्या आहेत. पुरवठा १० व्होल्टचा आहे.

एकूण भार १३०० किलोग्रॅम असताना ३००० किलोग्रॅम क्षमता कशाला, असा प्रश्न येथे पडेल. त्याचे उत्तर असे की, वरून पडणाऱ्या मालाचा आघात, एका कोपऱ्यात जास्त साचणारा माल आणि मिसळणीची कंपने यांसाठी राखीव क्षमता ठेवावी लागते. परंतु क्षमता वाढविली की संकेत लहान होतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

समांतर जोडणीत तिन्ही सेलच्या संकेतांची सरासरी मिळते. म्हणजे ३००० किलोग्रॅमला २० मिलीव्होल्ट. यावरून रिकाम्या हॉपरला २ मिलीव्होल्ट आणि भरलेल्या हॉपरला सुमारे ८.६७ मिलीव्होल्ट येतील. मालाच्या १००० किलोग्रॅमसाठी आपल्या हाती केवळ ६.६७ मिलीव्होल्ट आहेत. एका किलोग्रॅमच्या वाट्याला ६.६७ मायक्रोव्होल्ट येतात. २०० ग्रॅमचा फरक ओळखायचा असेल तर सव्वा मायक्रोव्होल्टहून थोडा अधिक फरक ओळखावा लागेल.

आता हीच तार थेट पीएलसीच्या ० ते १० व्होल्टच्या इनपुटला जोडली तर काय होईल? सिमेन्सच्या पीएलसीत ही पट्टी ० ते २७६४८ या संख्येत मांडली जाते. म्हणजे एका अंकामागे सुमारे ०.३६ मिलीव्होल्ट. आपल्या संपूर्ण १००० किलोग्रॅमला फक्त १८ अंक मिळतील. वजन ५४-५४ किलोग्रॅमच्या उड्या मारत दिसेल. बारा बिटच्या जुन्या कार्डावर तर १००० किलोग्रॅमला तीन अंकही पुरते मिळणार नाहीत. लोड सेल आणि पीएलसी यांच्यामध्ये दुभाषी लागतो तो यासाठी.

४. जोडणीचे चार मार्ग

(अ) वेट ट्रान्समीटर. हे छोटे उपकरण लोड सेलला पुरवठा देते, मिलीव्होल्टचा संकेत वाढविते आणि ४ ते २० मिलिअँपिअर किंवा ० ते १० व्होल्टच्या रूपात पीएलसीच्या साध्या अ‍ॅनालॉग कार्डाला देते. स्वस्त आणि समजण्यास सोपा असा हा मार्ग आहे. मात्र यात वजनाचे दोनदा रूपांतर होते. ट्रान्समीटरमधील अंकीय संख्या पुन्हा अ‍ॅनालॉग होते आणि कार्डात पुन्हा अंकीय होते. १००० किलोग्रॅमला २७६४८ अंक म्हणजे ३६ ग्रॅमची सूक्ष्मता दिसते खरी. पण अ‍ॅनालॉग कार्डाची स्वतःची चूक ०.३ टक्के असली तर ती ३ किलोग्रॅम होते. सूक्ष्मता आणि अचूकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दशांशानंतर जास्त अंक दिसले म्हणून वजन जास्त खरे होत नाही.

(आ) पीएलसीचे वजन-मॉड्यूल. काही उत्पादक पीएलसीच्या रॅकमध्येच बसणारे वजनासाठीचे खास मॉड्यूल देतात. सिमेन्सच्या एस ७-१२०० मालिकेसाठी असलेले सिवारेक्स डब्ल्यूपी २३१ हे त्याचे परिचित उदाहरण. लोड सेलच्या तारा थेट मॉड्यूलला जोडल्या जातात आणि किलोग्रॅममधील वजन तयार संख्येच्या रूपात प्रोग्रॅमला मिळते. मधले अ‍ॅनालॉग रूपांतर टळते व गतीही चांगली मिळते. खर्च मात्र जास्त, आणि मॉड्यूल एका विशिष्ट पीएलसीशीच बांधलेले.

(इ) डिजिटल इंडिकेटर आणि संदेशवहन. वजन दाखविणारा स्वतंत्र इंडिकेटर हॉपरजवळ बसवायचा आणि त्याच्याकडून आरएस-४८५ वरील मॉडबस, प्रोफिबस, प्रोफिनेट किंवा इथरनेट/आयपी यांपैकी एखाद्या मार्गाने पीएलसीने वजन मागवून घ्यायचे. चालकाला जागेवरच वजन दिसते, हा याचा फायदा. पीएलसी बंद पडला तरी काटा चालू राहतो.

(ई) डिजिटल लोड सेल. यात अंकीय रूपांतर सेलच्या पोटातच होते. अनेक सेल असलेल्या मोठ्या भुईकाट्यांवर प्रत्येक सेलचा भार वेगळा पाहता येत असल्यामुळे बिघडलेला सेल लगेच सापडतो.

ज्या ठिकाणी केवळ टाकी भरली की रिकामी झाली एवढेच पाहायचे आहे तेथे पहिला मार्ग पुरतो. मोजून माल घालायचा असेल तर दुसरा किंवा तिसरा मार्ग स्वीकारणे श्रेयस्कर ठरते.

५. तारांची जोडणी

लोड सेलला किमान चार तारा असतात. दोन पुरवठ्याच्या, ज्यांना एक्सायटेशन म्हणतात, आणि दोन संकेताच्या. अनेक उत्पादक लाल व काळी तार पुरवठ्यासाठी आणि हिरवी व पांढरी संकेतासाठी वापरतात. पण हा नियम सार्वत्रिक नाही. एका प्रसिद्ध जर्मन उत्पादकाच्या पद्धतीत निळी व काळी तार पुरवठ्याची, पांढरी संकेताची धन आणि लाल संकेताची ऋण असते. रंग पाहून जोडणी करणाऱ्याची येथे फसगत होते. म्हणून सेलसोबतचा कागद वाचावा; तो हरवला असल्यास मल्टिमीटरने रोध मोजावा. ३५० ओहमच्या सेलमध्ये संकेताच्या तारांत सुमारे ३५०, तर पुरवठ्याच्या तारांत बहुधा त्याहून थोडा जास्त, ३८० ते ४१० ओहम रोध आढळतो.

लांब तारेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. समजा, जंक्शन बॉक्सपासून पॅनेलपर्यंत ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याची ५० मीटर केबल आहे. जाऊन-येऊन १०० मीटर तारेचा रोध सुमारे ३.६ ओहम होतो. तीन सेल समांतर असल्याने ब्रिजचा एकत्रित रोध सुमारे ११७ ओहम आहे. म्हणजे पुरवठ्याचे ३ टक्के व्होल्टेज वाटेतच खर्च होते. एवढी चूक जागेवरच्या कॅलिब्रेशनमध्ये भरून निघते, हे खरे. पण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. पहाटे कॅलिब्रेशन केले आणि दुपारी पत्र्याच्या छपराखालची केबल २० अंशांनी तापली, तर वजन ०.२३ टक्क्यांनी कमी दिसू लागेल. हॉपरवर १००० किलोग्रॅम दिसेपर्यंत यंत्र माल घालीत राहील आणि प्रत्यक्षात सुमारे १००२.३ किलोग्रॅम माल जाईल. दिवसाला चाळीस वेळा हॉपर भरला तर जवळजवळ ९० किलोग्रॅम मालाचा हिशेब लागणार नाही. अशा वेळी संशय यंत्रावर येत नाही, माणसांवर येतो.

यावर उपाय म्हणजे सहा तारांची जोडणी. पुरवठ्याच्या दोन तारांसोबत सेन्सच्या दोन तारा जंक्शन बॉक्सपर्यंत नेतात. ब्रिजपाशी प्रत्यक्ष किती व्होल्टेज पोहोचले हे उपकरणाला त्या तारांतून कळते आणि ते त्यानुसार हिशेब सुधारते. चारच तारा वापरायच्या असल्यास उपकरणाच्या टोकांवर सेन्सच्या जागा पुरवठ्याच्या संबंधित टोकांशी जोडून घ्याव्या लागतात; त्या मोकळ्या सोडल्यास उपकरण दोष दाखविते किंवा आकडा भरकटतो.

आणखी काही पथ्ये थोडक्यात सांगता येतील. लोड सेलची मूळ चार तारांची केबल कापून आखूड करू नये. तिच्या लांबीसह सेलचे कारखान्यात समायोजन झालेले असते. उरलेली केबल गुंडाळून बॉक्सजवळ ठेवावी. संकेताची केबल जाळीदार आवरणाची असावी, ती मोटारींच्या, विशेषतः व्हीएफडीच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमधून न्यावी आणि आवरणाचे अर्थिंग उपकरण-उत्पादकाच्या सूचनेनुसार, सामान्यतः एकाच टोकाला करावे. पीएलसीच्या २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर सेल कधीही जोडू नये. गेज तापून माप बिघडते आणि सेल कायमचा खराब होऊ शकतो.

गोवा आणि कोकणपट्टीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पावसाळी दमटपणा. जंक्शन बॉक्सच्या टर्मिनलवर ओलावा साचला की तारांमध्ये क्षीण गळती सुरू होते. मायक्रोव्होल्टच्या हिशेबात एवढी गळती वजन हलविण्यास पुरेशी असते. केबलच्या ग्लँड खालच्या बाजूस असाव्यात, बॉक्सचे झाकण नीट बसविलेले असावे, आत सिलिका जेलची पिशवी ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी ती बदलावी. शून्य रोज थोडे थोडे सरकत असेल तर प्रथम बॉक्स उघडून पाहावा, प्रोग्रॅम नंतर.

६. यांत्रिक बाजू

बिघाडाचा शोध बहुधा पॅनेलपासून सुरू होतो. वास्तविक तो हॉपरच्या पायापासून सुरू व्हावयास हवा. पूर्ण भाराखाली लोड सेल अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी दबतो. इतक्या अल्प हालचालीला कोठेही अडथळा झाला की भाराचा काही भाग सेलवर न जाता त्या अडथळ्यावर जातो. हॉपरला घट्ट जोडलेला पाइप, रंगकाम करताना टेकविलेली व तशीच राहिलेली शिडी, साचलेला भुसा, ताणलेली केबल, यांपैकी काहीही वजन "खाऊ" शकते. म्हणून पाइपना लवचिक जोड द्यावेत, हॉपर डोलू नये यासाठी लावलेले रोधक दांडे भार उचलणार नाहीत असे सैल ठेवावेत आणि सेलखालचा पाया समपातळीत व भक्कम असावा.

हॉपरवर वेल्डिंग करताना विशेष सावधगिरी हवी. वेल्डिंगचा प्रवाह लोड सेलमधून वाट काढून गेला तर सेल जळतो. वेल्डिंगचा अर्थ-क्लँप कामाच्या अगदी जवळ लावावा, सेलला समांतर तांब्याची जाड पट्टी जोडलेली असावी आणि शक्य असल्यास सेल काढून त्या जागी ठोकळे बसवावेत.

७. पीएलसीच्या प्रोग्रॅममधील काळजी

पीएलसीचा जन्म मोटार उद्योगात झाला. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये रिले-पॅनेलला पर्याय मागितला आणि त्यातून डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक पुढे आला. चालू-बंद अशा संकेतांसाठी जन्मलेल्या या यंत्राला वजनासारखी सतत बदलणारी राशी हाताळायला लावताना पुढील गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, संख्येचा आकार. मॉडबसचे एक रजिस्टर १६ बिटचे असते व त्यात ६५५३५ पर्यंतचीच संख्या मावते. इंडिकेटर दहा ग्रॅमच्या एककात वजन पाठवीत असेल, तर १००० किलोग्रॅम म्हणजे १,००,००० ही संख्या दोन रजिस्टरमध्ये विभागली जाते. प्रोग्रॅमने फक्त खालचे रजिस्टर वाचले, तर ६५५.३५ किलोग्रॅमपर्यंत वजन अगदी बरोबर दिसेल आणि १००० किलोग्रॅमला ३४४.६४ दिसेल. चाचणी कमी वजनावर घेतली असेल तर ही चूक लपून राहते. दोन रजिस्टरपैकी वरचे कोणते व खालचे कोणते, हेही उत्पादकागणिक बदलते. त्यामुळे चाचणी नेहमी पूर्ण क्षमतेपर्यंत घ्यावी.

दुसरी, दोषाची ओळख. ० ते १० व्होल्टच्या जोडणीत तार तुटली की पीएलसीला शून्य दिसू शकते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने हॉपर रिकामा आहे. म्हणून तो माल सोडतच राहतो आणि हॉपर ओसंडतो. ४ ते २० मिलिअँपिअरच्या जोडणीत रिकामा हॉपरही ४ मिलिअँपिअर देतो, प्रवाह ३.६ च्या खाली गेला म्हणजे दोष आहे असे समजून भरणे थांबविता येते. संदेशवहनाच्या जोडणीत संपर्क तुटल्यावर शेवटचे वजन तसेच गोठून राहते. म्हणून संपर्क जिवंत असल्याची आणि इंडिकेटरच्या "स्थिर", "अतिभार", "दोष" या स्थिती-बिटची तपासणी प्रत्येक वेळी करावी. याशिवाय वजनावर अवलंबून नसलेला स्वतंत्र पातळी-स्विच हॉपरवर असलाच पाहिजे.

तिसरी, विलंब. हॉपर भरताना आकडा थरथरतो, म्हणून फिल्टर लावला जातो. फिल्टर वाढविला की आकडा शांत होतो, पण मागे पडतो. समजा, अखेरच्या संथ टप्प्यात माल दर सेकंदाला ४ किलोग्रॅम पडतो; फिल्टरचा विलंब ०.३ सेकंद, पीएलसीचा ०.१ सेकंद आणि झडप मिटण्याचा ०.२ सेकंद. या ०.६ सेकंदात २.४ किलोग्रॅम माल जास्त पडेल. शिवाय झडप मिटल्यावर हवेत असलेला माल वेगळाच. यासाठी आधी जलद व शेवटी संथ अशा दोन टप्प्यांत भरतात आणि झडप काही किलोग्रॅम अगोदर मिटवितात. हे "अगोदर" किती, ते मागील काही वेळच्या प्रत्यक्ष फरकावरून प्रोग्रॅमने हळूहळू सुधारीत न्यावे.

मात्र विलंब स्थिर असेल तरच ही युक्ती चालते. पीएलसी इंडिकेटरला दर अर्ध्या सेकंदाला वजन विचारीत असेल, तर नेमकी वेळ उलटून गेल्यावर शून्य ते अर्धा सेकंद एवढा अनिश्चित उशीर होईल. म्हणजे कधी शून्य, तर कधी २ किलोग्रॅमपर्यंत फरक. ठरलेली चूक वजा करता येते, लहरी चूक वजा करता येत नाही. अशा ठिकाणी झडप मिटविण्याचा आदेश इंडिकेटरच्या किंवा वजन-मॉड्यूलच्या स्वतःच्या आउटपुटवरून द्यावा आणि पीएलसीने केवळ नोंद ठेवावी.

८. कॅलिब्रेशन आणि पडताळणी

सेलच्या पट्टीवरील मिलीव्होल्टचा आकडा उपकरणात भरूनही काटा "तयार" करता येतो. यास सैद्धांतिक कॅलिब्रेशन म्हणतात. प्रारंभिक चाचणीसाठी ते ठीक आहे. पण त्यावर विसंबून राहता येत नाही. पाइपचा अडथळा, केबल, जंक्शन बॉक्स यांपैकी कशाचाही त्यात विचार नसतो. शिवाय लोड सेल वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो. गुरुत्वत्वरण जर्मनीत सुमारे ५० अंश अक्षांशावर ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, तर गोव्याच्या अक्षांशावर सुमारे ९.७८४. हा फरक ०.२७ टक्के, म्हणजे १००० किलोग्रॅममागे २.७ किलोग्रॅम आहे. तेथे वजन ठेवून जुळविलेला काटा येथे आणून तसाच वापरला तर तो कमी वजन दाखवील. म्हणून काटा जेथे वापरायचा तेथेच जुळविणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. उपकरणे अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावीत. रिकाम्या हॉपरवर शून्य नोंदवावे. प्रत्येक सेलच्या जवळ तेच प्रमाणित वजन आळीपाळीने ठेवून तिन्ही ठिकाणी सारखा आकडा येतो का ते पाहावे. येत नसल्यास प्रथम पाया तपासावा आणि त्यानंतरच जंक्शन बॉक्समधील ट्रिमरला हात लावावा. नंतर प्रमाणित वजने ठेवून स्पॅन ठरवावा. शेवटी ०, २५०, ५००, ७५० व १००० किलोग्रॅम असे चढत आणि मग उतरत आकडे लिहून घ्यावेत. जितका भार अधिक तितका आकडा अधिकाधिक मागे पडत असेल, तर कोठेतरी पाइप किंवा दांडा भार उचलीत आहे असे समजावे.

एक टन प्रमाणित वजने सर्वांजवळ नसतात. २०० किलोग्रॅमची वजने असली तरी काम भागते. ती ठेवून आकडा लिहावा. काढून घ्यावीत आणि तोच आकडा येईपर्यंत हॉपरमध्ये माल टाकावा. पुन्हा वजने ठेवावीत. असे पाच टप्प्यांत १००० किलोग्रॅमपर्यंत पोहोचता येते.

येथे एक तत्त्व आग्रहाने सांगावेसे वाटते. मिलीव्होल्टचे किलोग्रॅम एकाच ठिकाणी व्हावेत. इंडिकेटरमध्ये एकदा कॅलिब्रेशन केल्यावर पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा "जुळवणीचा" गुणक ठेवू नये. तसा गुणक ठेवला की हॉपरवरचे वजन आणि संगणकातील वजन वेगवेगळे होते, व पुढच्या तंत्रज्ञाला चूक कोठे आहे हे कधीच उमगत नाही. व्यापारी व्यवहारासाठी वापरल्या जाणाऱ्या काट्यांच्या बाबतीत तर हा कायद्याचाही प्रश्न आहे. वैधमापन अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला असून त्याखालील नियमांनुसार अशा इलेक्ट्रॉनिक काट्यांची पडताळणी व मुद्रांकन सामान्यतः दर बारा महिन्यांनी करून घ्यावे लागते. अधिकाऱ्याने मोहोर लावलेल्या इंडिकेटरमधून निघालेले वजन पावतीवर छापले जाण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये गुणाकार होऊन बदलत असेल, तर त्या मोहोरेला काही अर्थ उरत नाही. उसाच्या काट्यावर शेतकरी संशयाने "काटामारी" हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला उत्तर म्हणून पडताळणीची नोंदवही, मोहोर आणि प्रमाणित वजनाने केलेली उघड चाचणी याच गोष्टी दाखविता येतात. यंत्र संगणकीय आहे एवढे सांगणे हे उत्तर होत नाही.

९. समारोप

लोड सेल आणि पीएलसी यांची जोडणी ही चार किंवा सहा तारांची जोडणी नव्हे. पाया, सेल, जंक्शन बॉक्स, केबल, रूपांतर करणारे उपकरण, संदेशवहन आणि प्रोग्रॅम अशा सात कड्यांची ती साखळी आहे. वरील हिशेबांतून दिसते की, तापलेली केबल, चुकलेले अक्षांश किंवा अ‍ॅनालॉग कार्डाची मर्यादा यांपैकी कोणतीही एकच गोष्ट टनामागे दोन-तीन किलोग्रॅमचा फरक पाडू शकते, आणि तरीही पडद्यावरचा आकडा तितकाच आत्मविश्वासाने उभा असतो.

शिक्षणसंस्थांच्या प्रयोगशाळांत हा विषय शिकविण्यास मोठा खर्च लागत नाही. एक छोटा लोड सेल, एक ट्रान्समीटर, साधा पीएलसी आणि काही प्रमाणित वजने एवढे साहित्य पुरेसे आहे. विद्यार्थ्याने प्रथम वजन ठेवून मिलीव्होल्ट मोजावेत, मग केबल लांब करून, तापवून, सेन्सच्या तारा काढून आकडा कसा बदलतो ते स्वतः पाहावे व नोंदवावे. आकडा कोठून येतो हे ज्याने एकदा पाहिले आहे, तो पुढे कारखान्यात उभा राहिल्यावर पडद्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही; हाताशी एक प्रमाणित वजन ठेवील आणि शंका आली की प्रथम ते काट्यावर ठेवून पाहील.